रोप वाळले, दोष कुणाचा?



गेल्या पावसाळ्यात आपण चर्चच्या आवारात रोपे लावली. विहिरीकडची तगली. कुंपणाकडे मात्र बांधकामाचा राडारोडा टाकून भराव केलेला होता. तिथली रोपे मे महिन्याच्या उन्हात एकेक करून वाळली. पाणी सगळ्यांना सारखेच घातले होते. तेव्हा आपण सहज म्हणून गेलो, "रोपेच कमजोर निघाली." हा निवाडा न्यायाचा होता का?

असाच निवाडा चुकल्याचे एक उदाहरण आहे. कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको बेटावर पाइनची झाडे लावण्याचे प्रयत्न अनेक वर्षे फसले. रोपे पिवळी पडत, खुरटत, मरत. मग १९५५ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनातून पाइनच्या झाडांखालची माती आणून रोपांना घातली गेली. ती रोपे जोमाने वाढली. ही माती न मिळालेली रोपे मात्र खुरटीच राहिली. म्हणजे उणीव रोपांत नव्हती. त्यांच्या मुळांना सोबत नव्हती.

ही सोबत बुरशीची. बुरशी म्हटले की आपल्याला पावसाळ्यातली शिळी भाकरी आठवते. पण ही बुरशी मुळांशी जोडून राहते. तिचे तंतू मुळांहून कितीतरी बारीक असतात. जिथे मूळ शिरू शकत नाही, अशा फटींतून ते पाणी आणि स्फुरद आणतात. बदल्यात झाड पानांत तयार केलेली साखर त्यांना देते. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक यांनी १८८५ साली या सोबतीला 'मायकोरायझा' हे नाव दिले. पाणी कमी पडले, जमीन निकस असली, की हीच सोबत झाडाच्या कामी येते. आपल्या किनाऱ्यावरचा सुरूही एकट्याच्या बळावर उभा नाही. वाळूत नत्र फारच थोडे. त्याच्या मुळांच्या गाठींत राहणारे फ्रँकिया नावाचे जिवाणू हवेतला नत्र त्याला मिळवून देतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात सृष्टीला सांभाळणाऱ्यांमध्ये बुरशी आणि सूक्ष्म जीवांची आठवण ठेवली आहे.

आता माणसांकडे वळू या. गावात भाड्याने राहायला आलेल्या कुटुंबातला मुलगा दहावीत नापास होतो. आपण म्हणतो, "त्याला शिकायचेच नव्हते." आपल्या मुलांच्या शिकवणीची फी भरणारा काका, अडलेले गणित सोडवून देणारी शेजारीण, अर्ज लिहून देणारे गुरुजी आपण हिशेबात धरत नाही. आपली मुले पास झाली, ती हुशार म्हणून. तो नापास झाला, तो आळशी म्हणून. दोन्ही वेळा आपण फक्त जमिनीवरचे पाहिले.

कुणी विचारील, मग माणसाची स्वतःची जबाबदारी काहीच नाही का? आहे. झाडालाही ऊन घेऊन साखर करावी लागते. त्याच्या वाटचे काम बुरशी करत नाही. पण जिथे सोबतच नाही, तिथे मेहनत पुरी पडत नाही. म्हणून एखाद्याला दोष देण्याआधी त्याच्या मुळाशी काय होते, हे विचारणे आपले कर्तव्य ठरते. आणि तिथे राडारोडा आपणच टाकला असेल, तर तो उपसणेही आपल्याकडेच येते.

येत्या जूनमध्ये कुंपणाकडे पुन्हा रोपे लावायची आहेत. त्याआधी भराव काढू या, आणि त्याच जातीच्या जुन्या झाडांखालची चार घमेली माती खड्ड्यांत घालू या. त्या मुलाची फेरपरीक्षाही जवळ आली आहे. संध्याकाळी तासभर त्याच्यासोबत गणित घेऊन बसेल, असे आपल्यात कोण आहे?