सीमेवर उघडलेले चित्त

सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शिवशरण. त्या परंपरेतला भक्त इष्टलिंग अंगावर धारण करतो, पूजेच्या वेळी तळहातावर घेतो, देहापासून दुरावू देत नाही. त्याच्या लेखी ती वस्तू सामानात मोडत नाही. ती त्याचाच अंश असते. माणसाची हद्द कातडीपाशी संपते का, हा प्रश्न आता विमानतळावरही उभा राहिला आहे.

मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या सोलापूरच्या आईवडिलांचा फोन तिथले सीमाशुल्क अधिकारी वॉरंटशिवाय तपासू शकतात. २०२४ च्या आर्थिक वर्षात त्यांनी ४७,०४७ प्रवाशांची उपकरणे तपासली. न्यूझीलंडच्या २०१८ च्या कायद्यात, वाजवी संशय असताना पासवर्ड नाकारणाऱ्याला पाच हजार डॉलरपर्यंत दंड आहे. बाललैंगिक शोषणाची चित्रे, माणसांची तस्करी यांचे पुरावे फोनमध्ये सापडतात. म्हणून हा अधिकार सरसकट नाकारता येणार नाही.

पण तपासले जाते ते नेमके काय?

वेदान्त अंतःकरणाची चार अंगे सांगतो: मन, बुद्धी, चित्त, अहंकार. स्मरण हे चित्ताचे काम, आणि ते आपण फोनवर सोपवले आहे. गेलेल्या माणसाचा आवाज, आजाराचे अहवाल, लिहून न पाठवलेला मजकूर, सारे तिथेच. अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९८ मध्ये मांडले की, स्मृती हरपत चाललेला माणूस ज्या वहीवर विसंबतो, ती वही त्याच्या मनाचाच भाग धरावी. मग शेंगाचटणीची पुडी उघडणे आणि फोन उघडणे एकाच मापाने कसे मोजायचे?

सीमेवरचा पहारा वस्तूंवरून विचारांवर किती सहज सरकतो, हे मराठी माणसाने पाहिले आहे. सावरकरांच्या १८५७ वरील ग्रंथावर इंग्रजांनी १९०९ मध्ये बंदी घातली. त्याच्या प्रती खोटी वेष्टने चढवून देशात आणाव्या लागल्या.

सक्तीची नार्को चाचणी घटनाबाह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात २०१० मध्ये ठरवले. भारताच्या १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यानुसार अंगझडतीआधी प्रवासी राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याची मागणी करू शकतो. मनाला आणि देहाला दिलेले हे संरक्षण फोनवर सोपवलेल्या स्मृतीलाही हवे. फोन उघडण्याआधी संशयाचे कारण लेखी नोंदवावे, न्यायाधीशाची परवानगी घ्यावी आणि शोध त्या कारणापुरताच ठेवावा. कारण त्या फोनमध्ये प्रवाशाखेरीज त्याच्यावर विश्वासून मन मोकळे केलेली माणसेही असतात, आणि त्यांची संमती कुणीच विचारलेली नसते.