पेटीबाहेर बसून

या. बसा.

खुर्ची पिंजऱ्यापासून चार-पाच हातांवर असू द्या. पाठ सैल सोडा. मोबाईल दुसऱ्या खोलीत राहू दे.

दिवाळी सरली आहे. फटाके थांबले आहेत. नाशिकच्या हवेत सकाळ-संध्याकाळ गारवा आहे. निफाडला पारा ५ अंशांच्या खाली नेणारी थंडी अजून यायची आहे.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

समोर पिंजरा आहे. पिंजऱ्याला बाहेरून टांगलेली एक लाकडी पेटी आहे. लांबी, रुंदी, उंची, सगळं साधारण एक फूट. पेटीला गोल दार आहे, तीन इंचांचं.

त्या गोल दाराकडे पाहा.

दाराआड अंधार आहे. अंधारात अंडी आहेत. अंड्यांवर एक कॉकटेल पक्षी बसला आहे. आपण आत डोकावणार नाही आहोत. आपण बाहेर बसणार आहोत.

मनात येईल, झाकण उचलून बघू या का? येऊ द्या. आलेला विचार थोडा वेळ घुटमळेल आणि जाईल.

पुन्हा दाराकडे पाहा.

*

आता नजर हळूच दांडीवर न्या.

तिथे मादी बसली आहे. राखाडी अंग. पंखाच्या कडेला पांढरा पट्टा. गालावर फिकट नारिंगी टिकली. शेपटीच्या खालच्या अंगाला बारीक पिवळसर रेघा.

तिचा तुरा पाहा. तो ताठ उभा आहे. तुम्ही आलात, हे तिने टिपलं आहे. ती चिडली किंवा भेदरली, तर हाच तुरा डोक्याला चिकटून सपाट होईल. निवांत झाली, तर तो अर्धवट मागे कलेल.

हलू नका. बोलू नका. तुऱ्याकडे पाहत राहा.

श्वास आत. श्वास बाहेर.

थोडा वेळ जातो. तुरा मागे कलतो. ती एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेते.

तिचं वजन ८० ते १०० ग्रॅम आहे. आपल्याकडच्या पंधरा-वीस द्राक्षांइतकं. डोळे मिटा. तेवढं वजन तळहातावर जाणवू द्या.

एवढ्याशा देहातून एक दिवसाआड एक अंडं आलं आहे. चार, कधी पाच, कधी सहा. कवचासाठी लागणारं कॅल्शियम तिने खाण्यातून घेतलं आहे. शिवाय स्वतःच्या हाडांतूनही काढलं आहे.

इथे थांबा.

हाडांतूनही.

*

ऐका.

खर्र. खर्र. ती जाळीला लावलेल्या समुद्रफेसावर चोच घासते आहे. पांढरी भुकटी खाली झरते. म्हाकुळाच्या जातीतल्या एका सागरी जिवाच्या अंगातलं हे कवच. त्यातला चुना तिच्या रक्तात जातो आहे.

आवाज थांबेपर्यंत ऐका.

आता वाटीकडे पाहा. राळा आहे. बाजरी आहे. पेठ-सुरगाण्याकडची नागली आहे. शेजारी मोड आलेले मूग, शेवग्याचा पाला, उकडलेल्या अंड्याचा चुरा.

खिडकीतून कोवळं ऊन येऊन गेलं आहे. काचेतून नव्हे, उघड्या खिडकीतून. त्या उन्हाविना खाल्लेलं कॅल्शियम तिच्या अंगी नीट लागत नाही.

कधी अंडं वाटेतच अडतं. मग मादी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून बसते, शेपटी हलवत कुंथते. त्या वेळी तिला ऊब द्यायची आणि तडक पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं. उद्यावर टाकायचं नाही. तळाशी बसलेली मादी वेळेवर दिसावी, यासाठीही हे रोजचं पाहणं आहे.

आज ती दांडीवर आहे. पिसं अंगासरशी आहेत. डोळा लुकलुकतो आहे.

एवढं पाहा. एवढं पुरे.

*

पुन्हा गोल दार.

आतला अंधार मनाने थोडा मोठा करा.

कॉकटेलचं मूळ घर, ऑस्ट्रेलियाचा आतला कोरडा मुलूख. पाऊस पडून गेला आहे. गवताला दाणा धरला आहे. पाण्याजवळ निलगिरीचं एक म्हातारं झाड आहे, आणि त्याच्या खोडात एक ढोली आहे.

निलगिरी तुम्ही पाहिली आहे. तिच्या पानांचा वास तुम्हाला ठाऊक आहे. तो वास आठवा.

त्या ढोलीत काड्या नाहीत, कापूस नाही, विणलेलं काही नाही. कुजलेल्या लाकडाचा भुगा आहे. त्यावर पांढरी अंडी आहेत.

तुमच्या समोरच्या पेटीतही लाकडाचा भुसाच आहे. दोन बोटं जाडीचा, कोरडा, रंग किंवा औषध न लावलेला.

या घरातल्या जोडीने ते झाड कधी पाहिलेलं नाही. तिच्या आईबापांनीही नाही. ऑस्ट्रेलियातून पक्षी व्यापारासाठी बाहेर पाठवण्यावर कित्येक दशकांची बंदी आहे. पिढ्यान् पिढ्या हे पक्षी माणसांच्या घरांतच जन्मले. तरी मादीने काड्या मागितल्या नाहीत. अंधार मिळाला, भुसा मिळाला, आणि ती आत गेली.

त्या अंधाराशी थोडं राहा.

श्वास आत. श्वास बाहेर.

*

आता स्वतःच्या हातांकडे लक्ष न्या.

ते मांडीवर आहेत. त्यांना काहीतरी करायचं आहे. पाणी बदलू का, भुसा सारखा करू का, अंडी मोजू का.

हातांना म्हणा, थांबा.

दिवसातून एकदा, बसलेला पक्षी आपणहून खायला बाहेर आला की, झाकण उचलून एक नजर टाकायची. अंडी जागच्या जागी आहेत, भुसा ओला नाही, मुंग्या नाहीत. एवढं बघायचं आणि झाकण लावायचं. पक्षी आत असताना झाकण उघडलं, तर तो अंग पसरून डोलतो, फुत्कारतो. त्या गडबडीत त्याच्याच पायाखाली अंडं फुटू शकतं.

कालनिर्णयवर पहिल्या अंड्याची तारीख लिहून ठेवा. पुढे प्रत्येक अंड्याला साधारण १८ ते २१ दिवस. बाकीची मोजणी आत बसलेला करतो आहे, पोटाच्या कातडीने, अंधारात.

ऐका. पेटीत काहीतरी सरकतं. लाकडावर कवच घासल्याचा बारीक आवाज. त्याने चोचीने अंडं फिरवलं आहे.

तुम्ही ते पाहिलं नाही. ऐकलं.

पुन्हा ऐका.

*

आता हवेकडे लक्ष द्या.

एक श्वास नाकातून आत येतो. तुमच्या नाकात येणारी हीच हवा त्या पेटीत जाते. पक्ष्याच्या देहात फुप्फुसांच्या जोडीला हवेच्या पिशव्या असतात. हवेतलं विष त्याला माणसाच्या फार आधी भिडतं.

म्हणून दिवेलागणीला उदबत्ती देवघरातच राहू द्या, दार ओढून. या खोलीत धूप नको. डासांची कॉइल नको. स्वयंपाकघरात रिकामा नॉनस्टिक तवा गॅसवर तापत राहिला, तर त्याच्या वाफेने पिंजऱ्यातला पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. त्या वाफेचा वास तुम्हाला कदाचित येणारही नाही.

एक श्वास घ्या. तो स्वच्छ आहे का, बघा.

त्यांच्यासाठी एक. स्वतःसाठी एक.

*

ऊन भिंतीवरून वर सरकलं आहे.

बाहेर कलकलाट होतो. हिरव्या पोपटांचा थवा घराकडे निघाला आहे. त्यांना पिंजऱ्यात ठेवायला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मनाई करतो. ते खिडकीवरून पुढे जातात.

मादी मान तिरकी करते. एक डोळा आकाशाकडे.

तिकडे गोदावरी आणि कादवेच्या संगमावर, नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर, दूरदेशची बदकं उतरू लागली आहेत. २०२० मध्ये त्या जागेला पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत स्थान मिळाल्याचं जाहीर झालं. महाराष्ट्रातली ती पहिली. तिथे येणारे पक्षी ऋतू सरला की परततील. हिला परतायला वाट नाही. हिचं आकाश या खोलीएवढं आहे, आणि ते तुमच्या हातात आहे.

या वाक्यापाशी थांबा. उत्तर शोधू नका. नुसतं थांबा.

श्वास आत. श्वास बाहेर.

*

दाराकडे पाहा.

अंधारातून आधी तुरा येतो. मग पिवळं डोकं, गालावर ठसठशीत नारिंगी टिकली. नर बाहेर आला आहे. सकाळपासून तो आत होता. दिवसा तो, रात्री ती, अशी त्यांची बहुधा वाटणी असते.

तो दांडीवर येतो. एक पंख आणि एक पाय लांब ताणतो. मग दुसरा. आणि शिट्टी मारतो, हुबेहूब तुमच्या कुकरची.

हसू आलं तर येऊ द्या.

मादी अजून दांडीवरच आहे. पेटीत कोणी नाही. अंडी एकटी आहेत.

हा वेळ पाहा. तुमच्या छातीत काही घट्ट होतं का? होऊ द्या. आतली ऊब लगेच जात नाही. काही मिनिटांची सवड अंड्यांना असते.

ती पसरट भांड्यातल्या पाण्यात उतरते. छाती भिजवते. पंख फडफडवते. दोन थेंब तुमच्या पायावर पडतात. कोरड्या हवेत ही ओल तिच्या पिसांतून अंड्यांपर्यंत जाईल.

ती दाराशी येते. क्षणभर थबकते.

आत जाते.

आता पुन्हा फक्त दार.

*

खोलीत अंधार उतरतो आहे. मोठा दिवा लावू नका. झिरोचा दिवा पुरे. कॉकटेल रात्री दचकतात. एखादी सावली, एखादा धक्का, आणि ते काळोखात जाळीवर धडकतात. मिणमिणता उजेड असला की त्यांना दांडी दिसते, दार दिसतं.

त्या उजेडात पुढचे दिवस मनासमोर येऊ द्या.

एका सकाळी पेटीतून अगदी बारीक आवाज येईल. पिवळी लव, मिटलेले डोळे, सावरत नसलेली मान. आई आणि बाप दोघंही भरवतील. नऊ-दहा दिवसांनी डोळे उघडतील. चार-पाच आठवड्यांनी गोल दारात एक नवा तुरा दिसेल. स्वतः दाणा फोडून पोट भरायला त्यांना आठ-दहा आठवडे लागतील. तोवर त्यांना आईबापांपासून तोडू नये.

मग पेटी काढायची. जोडीला विसावा द्यायचा. वर्षातून दोन वेळा अंडी, त्याहून अधिक नाही.

यातलं आज काहीच झालेलं नाही. आज अंडी आहेत आणि त्यांवर ती आहे.

शेवटचे तीन श्वास. सावकाश.

एक.

दोन.

तीन.

*

उठा. खुर्ची उचलून बाजूला ठेवा, ओढू नका.

समुद्रफेस झिजला असेल, तर उद्या नवा आणा. आणि तुमच्या घरी जोडी असेल, पण पेटी अजून टांगली नसेल, तर घाई करू नका. दोघांचंही वय किमान दीड ते दोन वर्षांचं होऊ द्या. दिवाळीचे फटाके, चैत्र-वैशाखाचं ऊन आणि कडाक्याची थंडी टाळा. पिल्लं कोणाच्या घरी जाणार, हे आधी ठरवा. नीट सांभाळलेला कॉकटेल पंधरा-वीस वर्षं जगतो. पेटी टांगण्याआधी तेवढी वर्षं मनात धरा.