घरी न्या, पण कोणाला?

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा विषय निघाला की थोड्याच वेळात कोणीतरी म्हणतंच, "एवढा पुळका असेल तर घरी न्या ना!" सोसायटीच्या सभेत हे ऐकू येतं, वाहिन्यांवरही येतं. ऑगस्ट २०२५ पासून तर ते न्यायालयाच्या आधाराने बोललं जातं. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ तारखेला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल केला. निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेलं कुत्रं पिसाळलेलं किंवा आक्रमक नसेल तर जिथून उचललं तिथेच सोडायचं, असं ठरलं. कुणाला दत्तक हवं असेल तर त्याने पालिकेकडे अर्ज करावा, अशी सोयही त्याच आदेशात होती. लोकांनी त्या सोयीचं आव्हान करून टाकलं.

चावे खरे आहेत. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि ही किंमत बहुधा गरिबाघरची मुलं मोजतात. त्या भीतीला उडवून लावणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. सरसकट मारून टाका म्हणणाऱ्यांशीही नाही. मुंबईत तो प्रयोग वर्षानुवर्षं झाला आणि कुत्री संपली नाहीत.

माझं भांडण 'घरी न्या'शी आहे, कारण ते शहाणपणाचं वाटतं. प्रत्येक कुत्र्याला घर हवंच असतं, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. जन्मानंतरच्या पहिल्या तीनेक महिन्यांत ज्या पिल्लाला माणसाचा हात लागलेला नाही, ते मोठेपणी चार भिंतींत सहसा रमत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते दाराच्या फटीला नाक लावून बसतं, लिफ्टपाशी पाय रोवतं, जिन्यात कुणी दिसलं की गुरगुरतं. मग तक्रारी होतात आणि महिन्याभरात ते परत निवाऱ्यात येतं. इकडे गल्लीत त्याची जागा रिकामी झालेली असते. उकिरडा तसाच असल्यामुळे तिथे दुसरं कुत्रं येतं, लस न टोचलेलं, नसबंदी न झालेलं. नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच मारलेलं, गल्लीतल्या माणसांना ओळखणारं कुत्रं घालवून आपण अनोळखी कुत्रं मिळवतो. शिवाय जे कुत्रं चावतं ते कोणीच घरी नेत नाही. म्हणजे ज्या भीतीपोटी हा सल्ला दिला जातो, तिच्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही.

धर्मराजामागून चालत गेलेलं, नामदेवांची पोळी पळवणारं, ज्यांच्या हत्येवरून १८३२ साली मुंबईत पारशी रस्त्यावर उतरले ती, यांतलं कुठलंच कुत्रं दिवाणखान्यातलं नव्हतं. दाराबाहेरचं पण आपलं, अशी जागा आपल्याकडे होती. भीतीच्या भरात आपण ती पुसायला निघालो आहोत.

म्हणून मला एकच भेद महत्त्वाचा वाटतो: घर गमावलेलं कुत्रं आणि घर न लागणारं कुत्रं. निवाऱ्यात दोन्ही शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत असतात. मालकाची बदली झाली म्हणून सोडलेला लॅब्राडोर फाटकाशी गाडी थांबली की दरवेळी उठून उभा राहतो. जेवण ठेवलं तरी आधी फाटकाकडे बघतो. त्याला गल्लीत सोडलं तर तो जगणार नाही. पलीकडे पाय मोडून आलेली गावठी कुत्री असते. टाके सुकले की तिला तिच्या नाक्यावर परत जायचं असतं, तिथे तिची माणसं आहेत. आईविना सापडलेली पिल्लं, आंधळी, तीन पायांची, म्हातारी हीसुद्धा पहिल्याच गटातली. दत्तकघर त्यांच्यासाठी आहे, आणि अशी घरं फार थोडी आहेत. ती रस्ता रिकामा करण्यात खर्ची पडली, तर लॅब्राडोर पिंजऱ्यातच म्हातारा होईल.

तेव्हा दत्तक घ्यायला जाणाऱ्याने जात, रंग विचारण्याआधी एवढंच विचारावं: हे कुत्रं इथे आलं कुठून, आणि त्याला परत जायला जागा आहे का? असेल, तर दुसरं कुत्रं बघावं आणि पहिल्याच्या गल्लीत दरवर्षी रेबीजची लस टोचली जाते की नाही, याचा पालिकेकडे पाठपुरावा करावा.