तितिक्षा आणि मॉर्फिन



आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला चौदावा. थंडी-ऊन, सुख-दुःख इंद्रियांच्या स्पर्शातून येतं आणि जातं, ते सोस, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. सोसणं म्हणजे तितिक्षा. मग वेदनाशामक औषध घेणं म्हणजे तितिक्षेत कमी पडणं का?

आधी औषध काय करतं ते बघू. मेंदूत वेदनेचं एकच असं केंद्र नाही, अनेक भागांचं जाळं आहे. काही भाग कुठे दुखतंय, किती दुखतंय ते नोंदवतात. अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्ससारखे भाग ते किती नकोसं आहे हे ठरवतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, लॉगमध्ये नोंद पडणं वेगळं आणि रात्री ३ वाजता अलर्ट वाजणं वेगळं. १९९७ मध्ये मॉन्ट्रिअलच्या संशोधकांनी हे दाखवलं. हात त्याच गरम पाण्यात, पण संमोहनातल्या सूचनेने नकोसेपणा कमी-जास्त केला, तेव्हा बदल सिंग्युलेटमध्ये दिसला, नोंद घेणाऱ्या भागात नाही.

मॉर्फिन मज्जारज्जूतून वर जाणारा संदेश क्षीण करतं, शिवाय सिंग्युलेटवरही काम करतं. म्हणून कित्येक रुग्ण म्हणतात, "दुखतंय, पण आता त्याचा त्रास होत नाही."

वाक्य ओळखीचं वाटलं ना? साक्षीभाव म्हणतात तो हाच तर नाही? गोळीने जमत असेल तर साधना कशाला?

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. चार दिवस, रोज २० मिनिटं ध्यान शिकलेल्या लोकांना नॅलोक्सोन दिलं. हे औषध मॉर्फिनचा आणि शरीरात तयार होणाऱ्या तशाच रसायनांचा परिणाम अडवतं. तरीही ध्यानाने मिळालेला आराम टिकला. म्हणजे दोन्ही वाटा वेगळ्या आहेत. औषधाच्या वाटेला तिची किंमतही आहे. या गटातल्या वेदनाशामकांच्या आहारी गेलेल्या रुग्णांवरचा २०१० चा अभ्यास सांगतो की भावनांशी निगडित अमिग्डालाचे इतर भागांशी असलेले संबंध त्यांच्यात क्षीण झालेले आढळले. साधनेत सैल करायची असते ती 'माझं'ची गाठ. माणसांशी असलेला जिव्हाळा नाही.

पण याचा अर्थ औषध नाकारा असा अजिबात नाही. एका मित्राच्या आईला कॅन्सर होता. डॉक्टरांनी मॉर्फिन सुचवलं, तर घरातली मोठी माणसं म्हणाली, "भोग आहेत, भोगूनच संपतात. आणि गुंगीत राहिल्या तर शेवटी मुखात नाम कसं येणार?" ही भीती खोटी नाही, श्रद्धेतूनच आलेली आहे. पण असह्य वेदना मन आधीच पूर्ण व्यापून टाकते, तिथे नामाला जागा कुठे? आणि डॉक्टर डोस नीट बसवत आणतात, तेव्हा सुरुवातीची गुंगी बऱ्याचदा काही दिवसांत कमी होते. मी मित्राला म्हटलं, "काकूंना औषध दे. नाम तू घे, त्यांच्या उशाशी बसून."

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर आपल्या देशात रुग्णांना मॉर्फिन मिळणं फार अवघड झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट सोपी केली. इतक्या उशिराने मिळालेला दिलासा आपण श्लोकाच्या नावाने परत का पाठवायचा?

'सोस' हा शब्द मी माझ्यासाठी ऐकायचा असतो. तो दुसऱ्याच्या खाटेपाशी उभं राहून म्हणायचा नसतो. तिथे आपला धर्म दया.

आजचा सराव छोटासा. डोकं दुखलं, ट्रॅफिकमध्ये अडकलो, तर आधी फक्त नोंद घ्यायची, अलर्ट वाजवायचा नाही. आणि घरात कुणी "दुखतंय" म्हणालं, तर उपदेश न करता उठून पाणी आणि औषध आणून द्यायचं.

उद्या पंधरावा श्लोक.