न खर्चलेला पैसा

अमेरिकेच्या टांकसाळीने १८४० ते १८४८ या वर्षांत अर्ध्या सेंटची जी तांब्याची नाणी पाडली, ती बाजारासाठी नव्हतीच. घासून आरशासारखा केलेला ठसा, निवडक चकती आणि जपून उठवलेला छाप! अशा नाण्याला प्रूफ म्हणतात. या नाण्यांनी कधी मीठ आणले नाही की कुणाची उधारी फेडली नाही. आज मात्र संग्राहक त्यांच्यासाठी हजारो डॉलर मोजतात. ज्या पैशाने काहीच विकत घेतले नाही तोच सर्वांत महाग, याचे मला प्रथम हसू आले. मग मी विचारात पडलो.

आमच्या जालन्यातल्या जुन्या डब्यांत सापडणारे तांबे याच्या अगदी उलट. एखादी शिवराई, एखादी निजामाची दोन पै. शिवराईवरच्या ‘श्री राजा शिव’ या अक्षरांतले कधी नुसते ‘राजा’च उरलेले असते. १९४८ साली निजामाचे राज्य गेले, पुढे हाली शिक्काही गेला. चलनातून उठलेल्या तांब्याची वाट बहुधा तांबटाच्या भट्टीकडेच जाते. मोडीचे लोखंड वितळवून सळया करणाऱ्या आमच्या गावाला त्याचे नवल ते काय!

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला अशीच एक शिवराई पाटावर असते. चिंच लावून ती लख्ख करायची, ही रीत. गेल्या वर्षी एक तरुण जाणकार ते पाहून कळवळला. “आजी, हा काळपटपणा म्हणजेच तिचं वय. घासलीत की किंमत गेली!”

आई म्हणाली, “अरे बाबा, पारोशी लक्ष्मी पाटावर कशी ठेवू?”

दोघांचेही खरे होते. वापरणारा वस्तूचे सार्थक करतो, आणि तिला झिजवतोही. जपणारा तिला भट्टीतून वाचवतो, आणि तिच्या कामापासून तोडतोही. पेटीतली पैठणी कसरीच्या भीतीने दरवर्षी उन्हे खाते, पण अंगावर येत नाही!

मी माझ्यापुरता निवाडा केला आहे. जी वस्तू पुन्हा घडणार नाही, तिच्यावर आपल्याइतकाच पुढच्यांचाही हक्क आहे. तेव्हा यंदा शिवराईला चिंच नाही. साध्या पाण्याचे स्नान घालून, फडक्याने अलगद टिपून तिला पाटावर बसवायची. “स्नान झालं ना, मग झालं,” म्हणून आईनेही मान डोलावली.

हा न्याय मुलांना मात्र लावू नये. ओरखडा उठेल म्हणून घरात जपलेले मूल प्रूफ नाण्यासारखे चकचकीत राहील. पण त्याच्या हातून जगाची कुठली देवघेव होणार? सुट्टी आहे. त्यांना अंगणात किल्ला करू द्या, हात मातीने भरू द्या.