सत्पात्री दान

तीर्थयात्रा आणि दान यांचे नाते अतूट आहे. स्नान, दर्शन आणि दान यांवाचून यात्रा पूर्ण होत नाही, अशी आपल्या पूर्वजांची श्रद्धा होती. आजही दर्शन घेऊन बाहेर पडलेला भाविक पायरीवर बसलेल्यांच्या हातावर यथाशक्ती काही ठेवतो. त्याच वेळी त्याच्या मनात शंका येते की, समोरचा मनुष्य या पैशातून भाकरी घेईल की दारू? काहीजण या शंकेने हात आखडता घेतात, तर काहीजण विचार न करता नाणे टाकून पुढे जातात. अशा वेळी धर्म कोणता मार्ग दाखवितो, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

श्रीमद्भगवद्गीतेच्या १७ व्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे हे कर्तव्य आहे या भावनेने, परतफेडीची अपेक्षा न धरता, योग्य स्थळी, योग्य काळी व योग्य व्यक्तीस दिलेले दान सात्त्विक होय. फळाची आशा धरून अथवा मनात कष्टी होऊन दिलेले दान राजस. तर अयोग्य स्थळी-काळी, अपात्र व्यक्तीस, तसेच मान न राखता व तुच्छतेने दिलेले दान तामस होय.

यातील ‘अपात्र’ या शब्दाचा आधार घेऊन, व्यसनी मनुष्य मदतीस पात्रच नाही, असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. परंतु त्याच ठिकाणी अवहेलनेने दिलेले दानही तामस ठरविले आहे, याचा विसर पडतो. पात्र या शब्दाचा एक अर्थ भांडे असाही आहे. गळक्या भांड्यात दूध ओतले तर ते वाहून जाते; म्हणून कोणी भांडे टाकून देत नाही, त्यास डाग देऊन घेतो. पात्र पाहावयाचे ते नाकारण्यासाठी नव्हे, तर काय द्यावे हे ठरविण्यासाठी. व्यसनात बुडालेल्या मनुष्याच्या हाती रोख पैसा देणे अयोग्य असेल; अन्न, निवारा आणि उपचार देणे मात्र केव्हाही योग्यच आहे.

श्रीसंत गाडगे महाराजांचे चरित्र याची साक्ष देते. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे त्यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले, त्यात घराची वाताहत झाली व ते अकाली निवर्तले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, दापुरे येथे भावाच्या आश्रयास गेल्या. दारिद्र्य, बेघरपण आणि व्यसन ही तिन्ही दुःखे एकाच उंबरठ्यातून कशी आत शिरतात, हे महाराजांनी बालपणीच पाहिले होते. १९०५ साली गृहत्याग केल्यावर त्यांनी हाती झाडू घेतला. दिवसा गाव झाडावे, रात्री कीर्तनातून दारू व कर्जबाजारीपणाविरुद्ध लोकांना जागे करावे, असा त्यांचा क्रम होता. लोकांनी दिलेल्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू आदी ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. पण त्यांवर महाराजांनी स्वतःचा वा कुटुंबाचा हक्क ठेवला नाही. १९५६ साली ते निर्वाण पावले. आजही मुंबईत दादर येथे त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत परगावाहून उपचारांसाठी आलेले कर्करुग्ण व त्यांचे नातेवाईक आसरा घेतात. देणारे गेले, घेणारेही बदलले. दान अजून काम करीत आहे.

अलीकडच्या काळातील उदाहरण पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे आहे. गर्दच्या व्यसनाने तरुणांचा होत असलेला नाश डॉ. अनिल अवचट यांनी आपल्या लेखांतून समाजापुढे मांडला. ते वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे एक लाख रुपयांची देणगी दिली, आणि १९८६ साली डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी हे केंद्र सुरू केले. येथे रुग्ण सुमारे ३५ दिवस राहतो. व्यसन बंद झाल्यावर होणाऱ्या त्रासावर प्रथम औषधोपचार होतात; त्यानंतर समुपदेशन, गटचर्चा, योगासने आणि कुटुंबीयांचे मार्गदर्शन. घरी परतल्यावरही पाठपुरावा चालू राहतो, कारण व्यसन पुन्हा डोके वर काढू शकते. व्यसनातून बाहेर पडलेले कित्येकजण याच केंद्रात कार्यकर्ते म्हणून दुसऱ्यांना हात देतात. कालचा घेणारा आज देणारा होतो, याहून मोठे दानाचे फळ ते कोणते?

यावरून भाविकांनी इतके ध्यानी ठेवावे. भुकेल्यास पैशाऐवजी अन्न द्यावे. देणगी आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावी. रक्कम लहान असली तरी संकोच करू नये, कारण अनेकांच्या थोड्याथोड्यातूनच धर्मशाळेची भिंत उभी राहते. संस्थेस देणगी देताना अधिकृत पावती घ्यावी व तिचा विनियोग कसा होतो हे अवश्य विचारावे. हिशेब विचारणे हा अविश्वास नव्हे, योग्य पात्र पाहण्याचाच तो एक भाग आहे. आणि पायरीवरच्या मनुष्यास काही देणे जमले नाही, तरी त्याची अवहेलना करू नये. त्याच्याही घरी कोणी सखुबाई, कोणी लहानगा डेबू वाट पाहत असेल.

सर्वांच्या हातून असे सात्त्विक दान घडो, हीच श्रीचरणी प्रार्थना.