दाखवण्याचा कार्यक्रम

१९८४ साली मी चार मुली पाहिल्या. म्हणजे तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्यांच्या घरी जाऊन, पोहे खाऊन, "शिवण-टिपण येतं का?" वगैरे विचारून रीतसर पाहिल्या. चौथीनं मला पसंत केलं. (हे मला लग्नानंतर कळलं. तोवर मीच तिला पसंत केलंय, असा माझा समज होता.) समोर बसून उत्तरं देणाऱ्या माणसाला काय वाटत असेल, हा विचार त्या चारही घरी माझ्या डोक्यात आला नाही. तो यायला गेला महिना उजाडावा लागला. आम्ही कुत्र्याचं पिल्लू पाहायला गेलो होतो.

त्याचं असं झालं, की मी निवृत्त झाल्यापासून घर फार शांत झालंय. मुलगा बंगळुरूला असतो. दर रविवारी साडेदहाला त्याचा फोन येतो आणि हवा, तब्येत व जेवण हे तिन्ही विषय अकरा मिनिटांत संपतात. एका रविवारी फोन ठेवून आमची ही म्हणाली, "अहो, हाक मारली की धावत येणारं कुणीतरी घरात हवं." मी शेजारच्याच खुर्चीत होतो. पण धावत येणाऱ्यांत माझी गणना होत नसावी.

कुणीतरी तळेगावच्या एका बाईंचा नंबर दिला. त्या लॅब्रॅडॉर कुत्र्यांची पैदास करतात. मी फोन लावला आणि सुरुवातीलाच विचारलं, "पिल्लू केवढ्याला?"

पलीकडे जरा शांतता. मग बाई म्हणाल्या, "घरात कोण कोण असतं?"

वास्तविक मी गिऱ्हाईक. पण त्या सुरात काहीतरी असं होतं, की मी तळमजला, मागचं अंगण, माझं पेन्शन आणि हिची गुडघेदुखी, सगळं सांगून मोकळा झालो. "रविवारी या," बाई म्हणाल्या. "पैसे आणू नका."

जाताना मी पुतण्याकडून प्रश्नांची यादी घेतली होती. दुकानदारापुढे आपण अगदीच अडाणी दिसू नये! केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी आहे का, आई-बापांच्या खुब्याचे एक्स-रे काढलेत का, लस झाली का. बाईंनी एकही शब्द न बोलता फाईल पुढे सरकवली. पिल्लाची वंशावळ पणजोबापर्यंत, तीही आई आणि बाप अशा दोन्ही बाजूंनी. मी श्राद्धाला पित्याकडच्या तीन पिढ्या म्हणतो, त्यासुद्धा गुरुजींनी आठवण केल्यावर. आईकडच्या पणजीचं नाव मला आजही ठाऊक नाही.

"जातिवंत आहे ना पण?" मी तरीही विचारलं.

हिनं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला कळलं. मुलाच्या लग्नाच्या जाहिरातीत 'जातीची अट नाही' ही ओळ मी स्वतःच्या हातानं लिहिली होती आणि पुढे कितीतरी दिवस ती लोकांना ऐकवत होतो. आता चार पायांच्या सुनेसाठी मी दाखला मागत होतो. अहो, युधिष्ठिरानं स्वर्गाच्या दारापर्यंत कुत्रा नेला, पण त्याची वंशावळ मागितली नाही. मागितली असती तर पंचाईतच झाली असती म्हणा. तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष यमधर्म, म्हणजे त्याचे वडीलच निघाले!

बाईंना बहुधा या प्रश्नाची सवय असावी. "हा कागद मिरवायला नाही," त्या म्हणाल्या. "खुब्याचं दुखणं या जातीत रक्तातून येतं. पणजोबा लंगडत होता का, ते कळावं म्हणून जपायचा." मी मान डोलावली. आपल्याकडे लग्न जुळवताना पणजोबांचं गोत्र विचारतात. पणजोबा लंगडत होते का, हे कुणी विचारत नाही.

एवढ्यात पिल्लांची आई आली. तिनं माझ्या चपलांचा सविस्तर वास घेतला, हिच्या साडीचा घेतला आणि आमच्या नि पिल्लांच्या मधोमध बसली. ही तिची तिसरी वेत, आणि बाईंच्या मते शेवटची. २०१७ च्या सरकारी नियमांनुसार कुत्रीला आयुष्यात पाच वेतांपर्यंत परवानगी आहे, आणि पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय विकता येत नाही. नियम चांगले आहेत. पण त्या आईकडे बघताना मला एकाएकी वाटलं, की पैसे बाईंना द्यायचे, कागद केनेल क्लबकडून घ्यायचा, आणि ज्या बाईमाणसाचं मूल आपण नेणार तिला कुणी काही विचारायचं नाही, हा व्यवहार आहे तरी काय? मी हे हिला हळूच बोलून दाखवलं. ही म्हणाली, "माझ्या आईलाही तुम्ही काही विचारलं नव्हतंत."

मग बाईंनी विचारलं, "तुमचं वय काय?"

"सदुसष्ट."

"लॅब्रॅडॉर दहा-बारा वर्षं जगतो."

यानंतर खोलीत आम्ही तिघांनी मनातल्या मनात एकच बेरीज केली. तिचं उत्तर एकोणऐंशी येतं. आमच्या घरात ही बेरीज आजवर कुणी केली नव्हती. डॉक्टर करत नाहीत, मुलगा करत नाही, आणि विम्याचा माणूस करतो तो तोंडावर बोलत नाही. "काका, तुम्ही शंभरी गाठणार," असं म्हणायची रीत आहे. बाईंनी मात्र एक अर्ज पुढे ठेवला. त्यात शेवटची ओळ होती : 'तुमच्यानंतर कोण?'

मी वाद घातला. असा हिशेब करत बसलं तर म्हाताऱ्यानं आंब्याची कोय लावायलाच नको! बाई म्हणाल्या, "आंबा दाराकडे बघत बसत नाही."

यावर मला हाचिको आठवला. तोक्योच्या शिबुया स्टेशनवर मेलेल्या धन्याची जवळजवळ दहा वर्षं वाट पाहणारा तो कुत्रा. त्याचा पुतळा आहे, त्याच्यावर सिनेमे निघाले. ती गोष्ट सांगताना आपण कुत्र्याच्या निष्ठेनं गहिवरतो, त्या दहा वर्षांचं काय करायचं हे बघत नाही. पण त्याचे धनी, प्राध्यापक उएनो, १९२५ साली गेले तेव्हा अवघे त्रेपन्न वर्षांचे होते. त्यांना कुठल्या बाईंनी पिल्लू नाकारलं असतं? म्हणजे त्रेपन्नाव्या वर्षीही खात्री नाहीच. मग सदुसष्टाव्या वर्षी नसलेली खात्री एवढी मोठी का मानायची? पण खात्री नसणं वेगळं आणि उत्तर माहीत असून ते न लिहिणं वेगळं, हेही मला तिथल्या तिथे कळत होतं. एखाद्या जिवाला आपली सवय लावायची आणि मग उठून जायचं, याचा आपल्याला हक्क आहे का? असला प्रश्न मी लग्न करताना स्वतःला विचारला नाही, मूल होऊ देताना विचारला नाही. तो निघाला एका पिल्लापाशी.

मी त्या ओळीवर मुलाचं नाव लिहिलं.

"त्यांना विचारलंय?" बाई.

तिथूनच फोन लावला. रविवारच होता, पण सकाळचा फोन होऊन गेला होता. "बाबा, काय झालं? तब्येत बरी आहे ना?" मी अर्जातली ओळ वाचून दाखवली. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "असलं काय विचारताय?" आणि थोड्या वेळानं, "माझं भाड्याचं घर आहे, बाबा." आणि मग, "बघतो."

बाईंनी नावावर रेघ मारली नाही, पण अर्जही ठेवून घेतला नाही. "पिल्लांना आठ आठवडे व्हायला अजून वीस दिवस आहेत," एवढंच म्हणाल्या. निघताना आईनं आम्हाला फाटकापर्यंत सोडलं. आम्ही खरंच गेलो की नाही, एवढंच तिला बघायचं असावं.

परतीच्या बसमध्ये ही काही बोलली नाही. घरी आल्यावर तिनं अर्ज कालनिर्णयामागे अडकवून ठेवला.

बुधवारी संध्याकाळी फोन वाजला. बुधवारी आम्हाला कुणी फोन करत नाही, त्यामुळे आधी दोघंही दचकलो. मुलगा होता. हवा, तब्येत, जेवण यांतलं काहीच त्यानं विचारलं नाही.

"घरमालकाला विचारलं," तो म्हणाला. "तो म्हणतो, मांजर चालेल."